वाचकांचे प्रश्न : कीटकांचं पार्सल कस्टममध्ये का अडतं?

मागच्या अंकात कीटकसंग्रहावर लेख आला. त्यानंतरच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला: मेलेले, वाळवलेले किडे परदेशी धाडायचे तर नेमकं अडतं कुठं? मिळत्याजुळत्या पत्रांचा मिळून एकेक प्रश्न केला आहे. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलं आहे.

प्रश्न (परभणी) : मी कीटकशास्त्राचा विद्यार्थी आहे. पहिला पाऊस पडला की बाभळी-लिंबावर भुंगेरे उदंड मिळतात, दिव्यावर येतात ते वेगळेच. जर्मनीतल्या एका संग्राहकाशी ओळख झाली आहे. तो म्हणतो, वीस-पंचवीस भुंगेरे आणि थोडी फुलपाखरं पाठव, बदल्यात मी तिकडचे देतो. पैशाचा व्यवहार नाही. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून स्पीड पोस्टानं टाकलं तर चालेल का? कस्टमला किती दिवस धरायचे?

उत्तर : चालणार नाही. दिवस मोजायची वेळच येत नाही, कारण हे पाकीट मुळात टाकण्यासारखं नाही.

दोन कायदे आडवे येतात. पहिला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे, आणि अनुसूच्या, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्या, नव्यानं मांडल्या गेल्या. त्यांत बरीच फुलपाखरं आहेत. अनुसूचीतलं फुलपाखरू तुम्ही जाळ्यात धरलेलं असो की रस्त्यात गाडीला धडकून मेलेलं, ते तुमचं होत नाही, सरकारचं असतं. ते परदेशी पाठवायचा प्रश्नच नाही. म्हणून जाळं हातात घेण्याआधी नवी अनुसूची शास्त्रीय नावानिशी उतरवून घ्या. इंटरनेटवर अजून जुन्या अनुसूच्यांच्या याद्या फिरतात, त्यांवर विसंबू नका.

दुसरा २००२चा जैविक विविधता कायदा. ‘माझा किडा यादीत नाही, मग काय हरकत?’ म्हणणारे इथं फसतात, कारण या कायद्याला यादी लागतच नाही. भारतातला कोणताही प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव हे जैविक संसाधन. परदेशी नागरिकाला ते संशोधनासाठी किंवा व्यापारी वापरासाठी हवं असेल तर त्यानं आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, असं कलम ३ सांगतं. मंजुरी त्यानं घ्यायची म्हणून तुम्ही मोकळे, असंही नाही. कलम ५५ नियम मोडणाऱ्याबरोबर त्याला साथ देणाऱ्यालाही धरतं. २०२३च्या दुरुस्तीनं या कलमातला तुरुंगवास गेला, पण दंड एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत आहे. हुमणीचा भुंगेरा शेतकऱ्याचा वैरी, त्याला गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका असं शेतीचे लोकच सांगतात. परदेशी धाडायचा म्हटला की तोही संसाधनच.

तुमचा मित्र म्हणेल, हा नुसता छंद आहे, संशोधन नाही. ओळख पटवणं, नोंद करणं, अदलाबदल करणं यातला छंद किती आणि संशोधन किती, हा वाद कस्टमच्या टेबलावर तुम्ही जिंकणार नाही. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय किडे गोळा करणारे दोन चेक कीटकतज्ज्ञ पकडले गेले, खटला चालला आणि शिक्षा झाली. नाव असलेल्या संशोधकांची ही गत.

आता ‘गिफ्ट’बद्दल. तो शब्द वस्तू विकत आहे की फुकट, एवढंच सांगतो. आत काय आहे ते सांगत नाही. आत टाचणीवरचे किडे आणि बाहेर ‘गिफ्ट’ किंवा ‘हस्तकला’ असं निघालं, की खोटं घोषणापत्र हा वेगळा गुन्हा लागतो आणि माल जप्त होतो. पाकीट इथून सुटलं तरी तिकडे अडतं. अमेरिकेत तर १९००पासून लेसी कायदा आहे: ज्या देशातून जीव आला त्या देशाचा कायदा मोडून तो आणला असेल, तर तो घेणाराही तिथं दोषी.

मैत्री टिकवायची असेल तर फोटो पाठवा. भुंगेऱ्याचे चार तरी हवेत: पाठीवरून, पोटाकडून, बाजूनं आणि डोकं समोरून. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी दिसली पाहिजे. नराचं जननांग काढून त्याचा वेगळा फोटो दिलात तर तिकडचा जाणकार बऱ्याच वेळा जातीपर्यंत पोचतो. नमुना मात्र तुमच्या विभागाच्या संग्रहात राहू द्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. परोपजीवी गांधीलमाश्यांचे नमुने ओळख पटवण्यासाठी युरोपातल्या एका संग्रहालयाला पाठवले. तीन आठवडे झाले, ट्रॅकिंगवर ‘कस्टमकडे रोखून ठेवले’ याच्या पुढे काही हलत नाही. आता काय करावं? आणि पुढच्या वेळी काय चुकवू नये?

उत्तर : आधी पार्सल कोणत्या बाजूला अडलं आहे ते बघा. पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी भारताची दोन अक्षरं. हाच क्रमांक तिकडच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो. तिकडे काहीच नोंद नसेल आणि इकडे शेवटची नोंद मुंबईची असेल, तर पार्सल अजून देशातच आहे. तिकडे ‘आगमन’ दिसत असेल तर धावपळ तुम्ही नाही, संग्रहालयानं करायची आहे. त्यांच्या कर्जनमुन्यांच्या (अभ्यासासाठी उसन्या घेतलेल्या-दिलेल्या नमुन्यांच्या) विभागाला ईमेल टाका. बऱ्याचदा कस्टमचं पत्र तिथं टपालाच्या ट्रेमध्ये पडून असतं.

देशात अडलं असेल तर कस्टमनं खुलासा मागितलेला असण्याची शक्यता जास्त. तो मागतात पाठवणाऱ्याकडे, घोषणापत्रावरच्या पत्त्यावर. महाविद्यालयाचा पत्ता, मोबाईल नंबर नाही, आणि वर सुटी, असं जुळलं की पत्र आवक-जावक टेबलावर आणि पार्सल मुंबईत. प्राचार्यांच्या कार्यालयात आधी चौकशी करा. मग सगळे कागद एका पाकिटात घालून, वर पार्सलचा क्रमांक ठळक लिहून विदेश डाकघरातल्या कस्टमला पाठवा.

कागद कोणते? संस्थेच्या लेटरहेडवर पत्र: काय पाठवतोय, किती, कशासाठी, परत येणार की तिकडेच राहणार. नमुन्यांची यादी: अनुक्रमांक, कुळ किंवा प्रजाती, संख्या, ठिकाण, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. स्वीकारणाऱ्या संग्रहालयाचं पत्र. अनुसूचीतली जात आत नाही असं लेखी. अभयारण्यातून घेतले असतील, समजा गौताळ्यातून किंवा येडशीच्या रामलिंग घाटातून, तर वन विभागाची परवानगी. आणि ज्यावाचून बाकीच्यांना अर्थ नाही तो, जैवविविधता कायद्याखालचा कागद.

हा कागद दोन तऱ्हांनी मिळतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणारा, मान्यता मिळालेला दोन संस्थांचा सहकार्य प्रकल्प असेल तर कलम ५ खाली सूट आहे. त्या मान्यतेची प्रत जोडा. प्रकल्प नसेल आणि भारतीय संशोधकाला केवळ मूलभूत अभ्यासासाठी नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर राष्ट्रीय प्राधिकरणाकडे त्यासाठी वेगळा अर्ज आहे. मंजुरीआधी पार्सल बांधू नका. नमुन्यांतले काही भारतातल्या अधिकृत ठेवकेंद्रात ठेवावे लागतात. प्राण्यांसाठी ते भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे, मराठवाड्याला तेच जवळ. खरं तर आधी तिथंच विचारावं. शेतीतल्या किड्यांसाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत ओळख पटवून मिळते. परदेशाचं नाव घेण्याआधी हे दोन दरवाजे ठोठावले तर बरीच पार्सलं टळतील.

तुमच्या बाबतीत मंजुरी घेतलीच नसेल तर मागची तारीख टाकून कागद करायच्या भानगडीत पडू नका. पार्सल परत मागवा, अर्ज करा, मग पाठवा. टपाल खात्याकडे शोधाची तक्रार टाकायची मुदत पार्सल टाकल्यापासून सहा महिने आहे. ती मात्र घालवू नका.

घोषणापत्रातल्या चुका ठरलेल्या. लहान पाकिटाला सीएन २२ हा फॉर्म, आणि किंमत ३०० एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) वर गेली की किंवा पार्सलला सीएन २३. मजकूर इंग्रजीत लिहायचा. नुसतं ‘इन्सेक्ट्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला जिवंत वाटतात. ‘बायोलॉजिकल सॅम्पल’ लिहिलं तर तो रोगाच्या नमुन्यांच्या चाळणीत टाकतो. लिहावं ते असं: ‘डेड ड्राइड इन्सेक्ट्स ऑन पिन्स, फॉर टॅक्सॉनॉमिक स्टडी, ऑन लोन, नॉट फॉर सेल’, आणि पुढे संख्या. ‘सायंटिफिक स्पेसिमेन’ एवढ्यावर भागवू नये. त्यातून ना वस्तू कळते ना धोका.

किंमत शून्य टाकू नका. संगणकाला शून्य चालत नाही आणि माणसाला संशय येतो. नाममात्र रक्कम लिहा आणि शेजारी ‘नो कमर्शियल व्हॅल्यू’ म्हणा; यादीतही तीच रक्कम हवी. सहा अंकी एचएस कोड, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक, लिहा. प्राणिशास्त्रीय संग्रहाच्या वस्तू ९७०५ या शीर्षकात येतात. २०२२च्या बदलानंतर त्यात ९७०५.२२ हा नामशेष किंवा धोक्यातल्या जातींसाठी आहे आणि ९७०५.२९ बाकीच्यांसाठी. घाईत पहिला टाकला की आपणच आपल्या नमुन्यांना धोक्यातली जात ठरवतो आणि साइटीसचा (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना मागवून घेतो. काउंटरवरच्या माणसाला हे कोड ठाऊक असण्याची अपेक्षा धरू नका, कागदावर लिहून न्या. घोषणापत्रातली माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून तिकडे जाते. त्यात टंकलेखनाची चूक झाली तर कागदावरचं बरोबर असूनही अडतं. पावती हातात पडल्यावर तिथंच वाचा.

प्रश्न (लातूर) : परवानग्या सगळ्या होत्या. पार्सल कस्टममध्ये उघडलं, पुन्हा बांधलं, पुढे गेलं. पोचलं तेव्हा दोन मोठे भुंगेरे सुटलेले आणि बाकीच्यांच्या मिशा-पायांचा भुगा. याला जबाबदार कोण?

उत्तर : उघडणाऱ्याचा दोष थोडा, बांधणाऱ्याचा जास्त. पार्सल उघडलं जाणारच, हे धरून बांधायचं असतं.

आतल्या पेटीपासून सुरू करू. तळाला पॉलिथिलीनचा दाट फोम, किमान १० मिलिमीटर, सगळीकडून चिकटवलेला. थर्माकोल नको, त्यात टाचणी एकदा हलली की भोक मोठं होतं आणि पकड जाते. कीटकांची टाचणी साधारण ३८ मिलिमीटरची असते. ती चिमट्यानं धरून फोमच्या तळापर्यंत दाबा. बोटानं डोकं दाबलं तर टाचणी वाकते आणि उडते.

जड भुंगेऱ्याची खरी भानगड त्याच्या फिरण्यात आहे. टाचणी जागेवर राहते आणि भुंगेरा तिच्याभोवती पंख्यासारखा गरगरतो, शेजारच्याला झोडपतो. म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक आधाराची टाचणी अंगाला जेमतेम टेकेल अशी उभी करा. गेंडा भुंगेऱ्यासारखा फारच जड असेल तर त्याला या पेटीत घालूच नका, वेगळ्या डबीत कापसाच्या थरात आडवा ठेवा. कापूस आणि किडा यांच्या मध्ये टिश्यू पेपर हवा. नाहीतर नखं कापसात अडकतात आणि काढताना पाय हातात येतात.

पेटीच्या कडेनं कापसाची एक वळकटी टाचण्यांनी पक्की करा. काही निखळलंच तर ते तिथं अडकतं, सगळ्या पेटीत फिरत नाही. टाचण्यांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा आणि पुठ्ठा ते झाकण ही पोकळी मऊ फोमनं भरा. टाचणी वर यायला जागाच राहत नाही. हा पुठ्ठा बहुतेक लोक विसरतात, आणि मोडतोड बहुतेक त्यामुळेच होते.

ही पेटी पारदर्शक पिशवीत घाला, म्हणजे भरणाचा कचरा आत जाणार नाही. मग दुसरा, मोठा खोका. दोन्हींच्या मध्ये सहाही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर जागा, तिच्यात चुरगळलेला कागद किंवा फोमचे तुकडे. ठासून भरू नका. ठासलेलं भरण धक्का सोसत नाही, जसाच्या तसा आत पोचवतं.

आता उघडणाऱ्याचा विचार. खोक्याला टेपचे दहा वेढे दिले तर तो सुरी चालवणार आणि सुरी पुठ्ठ्याच्या आत जाणार. वरच्या सांध्यावर एकच पट्टी लावा, तिचं टोक दुमडून ठेवा, ‘इथून उघडा’ असं इंग्रजीत लिहा. उघडल्याबरोबर सगळ्यात वर यादी आणि परवानगीच्या प्रती दिसल्या पाहिजेत. त्याखालची पेटी पारदर्शक झाकणाची असेल आणि आतल्या पुठ्ठ्याला व त्यावरच्या फोमला जागोजागी खिडक्या कापलेल्या, तर टाचणीला हात न लावता त्याला हवं ते दिसतं. क्ष-किरणांची चिंता नको, वाळलेल्या नमुन्याला त्यानं काही होत नाही.

पार्सल आणखी एका कारणानं अडतं, ते म्हणजे नमुन्यांना लागलेली कीड. संग्रहातल्या किड्यांना खाणारे केसाळ अळ्यांचे बारीक भुंगेरे असतात. नमुन्याच्या खाली तपकिरी पूड किंवा सालासारखी कात दिसली तर समजा घरात पाहुणे आलेत. तिकडच्या तपासनीसाला हे दिसलं तर धुरी देतात किंवा नष्ट करतात. म्हणून पाठवण्याआधी पेटी घट्ट पिशवीत बंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवा. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात तेवढी थंडी धरवत नाही, तिथं दोन आठवडे द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पंखांवर दव धरतं. डांबरगोळ्या मात्र पार्सलात नकोत. नॅफ्थालीन विमानाच्या नियमांत ज्वालाग्राही घन पदार्थ आहे, शिवाय सुटलेली गोळी भुंगेऱ्याइतकंच नुकसान करते.

मोसमही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नमुने इतके खडखडीत वाळतात की बोट लागलं तरी मिशी तुटते. जून ते सप्टेंबरात मुंबईच्या दमटपणात आठवडा पडून राहिले तर बुरशी येते, पाण्यात विरघळणारा डिंक सैल पडतो. डिसेंबरात तिकडे नाताळाची गर्दी. जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य, हे दिवस चांगले.

प्रश्न (नांदेड) : मुंग्यांचे नमुने स्पिरिटच्या कुप्यांत आहेत. पोस्टात घेतले नाहीत. कुरिअरवाला म्हणतो ‘औषध’ लिहा, पाठवतो.

उत्तर : पोस्टानं बरोबर केलं, कुरिअरवाल्याचं ऐकू नका. अल्कोहोल ज्वालाग्राही द्रव आहे, टपालात ते चालत नाही. ‘औषध’ लिहिलेल्या डब्यात किड्यांच्या कुप्या निघाल्या तर त्याचं काही जात नाही, नाव तुमचं लागतं.

हवाई मालासाठी आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) नियमांत विशेष तरतूद ए१८० आहे, ती अशाच नमुन्यांसाठी. एका कुपीत जास्तीत जास्त ३० मिलिलिटर द्रव. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी उष्णतेनं सील केलेली. ती दुसऱ्या पिशवीत, बरोबर सगळा द्रव शोषेल इतका कापूस किंवा टिश्यू, तीही सील. मग भरण घातलेला मजबूत खोका. एका खोक्यात सगळं मिळून १ लिटरच्या वर नाही. खोक्यावर ‘सायंटिफिक रिसर्च स्पेसिमेन्स, नॉट रिस्ट्रिक्टेड, स्पेशल प्रोव्हिजन ए१८० अप्लाइज’ असं लिहायचं. झिप लावायची पिशवी सील धरली जात नाही, माल परत येतो तो बहुधा यामुळे. आधी कुरिअर कंपनीच्या धोकादायक माल विभागाला लेखी विचारा. नियम परवानगी देतो, पण कंपनीला घ्यायची सक्ती करत नाही.

डीएनए काढायचा नसेल तर सगळा व्याप टाळा: मुंग्या त्रिकोणी कागदी टोकांवर चिकटवून वाळलेल्याच पाठवा. जैवविविधतेची मंजुरी ओल्या-सुक्या दोन्हींना लागते.

प्रश्न (बीड) : आम्ही तुती लावून रेशीम करतो. लंडनच्या एका बाईंना हस्तकलेसाठी कोष आणि मेलेले पतंग हवे आहेत. आमचेही किडेच ना, आम्हालाही हेच सगळं लागू आहे का?

उत्तर : तुमचा रस्ता बराच सोपा आहे. तुतीचा रेशीमकिडा माणसानं पाळलेला, रानात तो आढळत नाही, आणि कोष हा रोजच्या व्यापारातला माल आहे. जालन्याच्या बाजारात तो किलोवर विकला जातो तसाच तो निर्यातही होतो. सूत निघण्याजोग्या कोषांचा कोड ५००१, पतंग भोक पाडून बाहेर आलेल्या किंवा डागी कोषांचा ५००३. हस्तकलेवाले सहसा या दुसऱ्या प्रकारचेच मागतात. घोषणापत्रात ‘सिल्क ककून्स’ लिहा, ‘इन्सेक्ट’ शब्द आणायचं कारण नाही, कारण माल तोच आहे. पतंग मात्र यात मिसळू नका. पतंग घातले की वस्तू बदलली, कोड बदलला आणि प्राणिजन्य मालाचे तिकडचे नियम लागले. दोन-चार पतंगांपायी दोन किलो कोष अडकतील.

अख्खे कोष पाठवायचे तर आतला कोषकिडा मेलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. उन्हात टाकून भागत नाही, गरम हवेच्या यंत्रात वाळवावे लागतात. वजनावर लक्ष ठेवा: नीट वाळलेला कोष ओल्याच्या साधारण चाळीस टक्के भरतो. दोन-चार कापून बघा. आतला किडा बोटानं चुरडला पाहिजे, तेल सुटता कामा नये. ओलसर राहिला तर आठवड्यात वास मारतो, आणि वास मारणारं खोकं कस्टमवाला आधी उघडतो.

विक्रीसाठी पाठवताना आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, काढा, तो ऑनलाइन ५०० रुपयांत मिळतो. डाकघर निर्यात केंद्रातून टपालाचं निर्यात बिल भरता येतं. अंडीपुंज किंवा जिवंत अळ्या कोणी मागितल्या तर सरळ नाही म्हणा. रेशीम बियाण्यावर केंद्रीय रेशीम मंडळाचं नियंत्रण आहे.

प्रश्न (धाराशिव) : शाळेसाठी परदेशातून काचेच्या चौकटीतली फुलपाखरं मागवली. कस्टमनं ‘साइटीसचा कागद आणा’ म्हणून पत्र दिलं. विकणारा म्हणतो ती शेतावर वाढवलेली आहेत, कागद लागत नाही.

उत्तर : कोणती जात आहे त्यावर ठरतं, वाढवली कुठं त्यावर नाही. बर्डविंग म्हणतात ती मोठी फुलपाखरं, म्हणजे ऑर्निथोप्टेरा, ट्रोगोनोप्टेरा आणि ट्रॉइडीस या तिन्ही प्रजाती, साइटीसच्या परिशिष्टांत आहेत. शेतावर वाढवलेल्यांनाही निघण्याच्या देशाचा निर्यात परवाना लागतो. राणी अलेक्झांड्रा बर्डविंग तर परिशिष्ट एकमध्ये, तिचा व्यापारच बंद. मॉर्फो नावाचं निळं फुलपाखरू त्यांत नाही. पण चौकटीवर नुसतं ‘ट्रॉपिकल बटरफ्लाय’ लिहिलं असेल तर कस्टमनं कसं ओळखावं? विक्रेत्याकडून प्रत्येकाचं शास्त्रीय नाव आणि देश लिहून बिल मागवा. त्यात वरच्या तीनपैकी काही असेल आणि परवाना नसेल, तर सोडवायचा नाद सोडा. नमुना ताब्यात घेतला की तुम्हीही त्या गुन्ह्यात येता. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी नावं विचारा.

प्रश्न (हिंगोली) : जिवंत अळ्या किंवा भुंगेरे पाठवता येतात का?

उत्तर : नाही. जागतिक टपाल करारात जिवंत प्राण्यांना बंदी आहे. मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे, अधिकृत संस्थांनी एकमेकांना पाठवलेले किडींचे शत्रुकीटक आणि संशोधनातल्या फळमाश्या एवढे अपवाद आहेत, आणि तेही दोन्ही देशांचं टपाल तयार असेल तर.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : संग्रहालयानं आमचे नमुने अभ्यासून परत पाठवले. आमचेच नमुने, तरी इथं कस्टम शुल्क मागत आहे.

उत्तर : आपलेच आहेत हे दाखवायचं काम आपलं. पाठवतानाच्या घोषणापत्राची प्रत, टपालाची पावती, नमुने उसने दिल्याचा फॉर्म आणि मूळ यादी दाखवली, की परत आलेला माल म्हणून सूट मागता येते. अडचण ओळखीची होते: यादीत ‘गांधीलमाश्या, ४२’ लिहिलेलं आणि पेटीत ४२ सारख्याच माश्या असतील तर तेच नमुने हे कशावरून? म्हणून पाठवतानाच प्रत्येक टाचणीवर संस्थेचा क्रमांक असलेली चिठ्ठी लावा, यादीत तेच क्रमांक टाका, आणि बंद करण्याआधी पेटीचा वरून एक फोटो काढा ज्यात क्रमांक वाचता येतील. संग्रहालयाला सांगून ठेवा की परत पाठवताना घोषणापत्रावर ‘रिटर्न ऑफ लोन’ आणि तुमच्या मूळ पार्सलचा क्रमांक लिहा. काही नमुने त्यांनी ठेवून घेतले असतील, जे नव्या जातीच्या बाबतीत हमखास होतं, तर किती आणि कोणते याचं पत्र त्यांच्याकडून घ्या. ४२ गेले आणि ३९ आले, तर तीन कुठं गेले हे कस्टमही विचारेल आणि चेन्नईचं प्राधिकरणही.